बाल्टिमोरच्या वर्गात 'जॅमखेड' (ग्लोबल हेल्थ शिकायला यायचंय त्यांच्यासाठी, आणि नसलं यायचं तरी)

गवतीचहा | १९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायला धीर होत नव्हता. तिकडे उद्या पहाटे अभ्यंगस्नान आणि मी इथे वसतिगृहाच्या खोलीत चकलीच्या फोटोंकडे बघत बसलेय, म्हटलं त्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं लिहू.

मी साताऱ्याकडची. एमबीबीएस झाल्यावर तीन वर्षं पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर होते, आणि जुलैपासून बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या ब्लूमबर्ग स्कूलमध्ये एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करतेय. इथे दुपारी बारा ते एक कसलं ना कसलं सेमिनार असतंच, आज मलेरिया, उद्या हवामान बदल आणि डेंग्यू, परवा कुठल्या तरी देशातली लसीकरणाची मोहीम. पिझ्झा फुकट असतो त्यामुळे गर्दी असते हे कबूल करते. तर गेल्या आठवड्यात असंच एक, गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या इतिहासावर. दुसऱ्या की तिसऱ्या स्लाइडला महाराष्ट्राचा नकाशा आला, मध्यभागी एक लाल ठिपका, आणि वक्ते म्हणाले 'जॅमखेड'. मला आधी कळलंच नाही. मग जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवणाऱ्या आरोळे डॉक्टर पती-पत्नींचा फोटो आला आणि माझ्या हातातला पिझ्झा तसाच राहिला. शेजारी केनियाची मुलगी बसते, ती डोळे मोठे करून म्हणाली, अगं तू तिथलीच ना, तू पाहिलंयस? आणि मी खजील. एसटीने अर्ध्या दिवसाची वाट, पण मी कधी गेलेलीच नाही. तिच्या देशातले लोक जामखेडला ट्रेनिंग घेऊन आलेत म्हणे.

मग घरी येऊन शोधत बसले. हे स्कूल १९१६ चं, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून विल्यम वेल्च यांनी सुरू केलेलं, ब्लूमबर्गचं नाव लागलं २००१ मध्ये. इथला इंटरनॅशनल हेल्थ विभाग ज्यांनी उभा केला ते कार्ल टेलर जन्मले मसुरीला, पंजाबात नारंगवालला त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे इथूनच एमपीएच करून १९७० मध्ये जामखेडला गेले. अभय आणि राणी बंग १९८४ ला इथेच शिकले आणि १९८६ पासून गडचिरोलीत. त्याही आधी, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज काढणाऱ्या सुशीला नायर इथल्याच. म्हणजे आपल्याकडच्या तीन मोठ्या कामांची वाट या एका इमारतीच्या जिन्यावरून गेलीय आणि मी तो जिना रोज चढते, धापा टाकत.

आता कामाचं. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहिते. फुलटाइम एमपीएच अकरा महिन्यांचा, जुलै ते मे, ८० क्रेडिट. आठ-आठ आठवड्यांच्या टर्म असतात, म्हणजे नीट बसायला शिकेपर्यंत परीक्षा येते. अर्ज सोफास नावाच्या एका सामायिक पोर्टलवरून. डॉक्टरच असायला हवं असं नाही, पण साध्या पदवीवर येणार असाल तर आरोग्याच्या क्षेत्रात पूर्णवेळ किमान दोन वर्षं काम हवं. आणि ते दोन वर्षांचं काम ही नुसती अट समजू नका, वर्गात बोलायला तेच उपयोगी पडतं. बायोस्टॅटच्या (आरोग्याच्या संख्याशास्त्राच्या) तासाला मी शून्य, पण 'लसीकरणाच्या दिवशी कोल्ड बॉक्समधले आइसपॅक कोण भरतं' यावर मी पंधरा मिनिटं बोलले आणि सगळे लिहून घेत होते.

बरीच सेमिनारं ऑनलाइनही असतात. इथले दुपारचे बारा म्हणजे आत्ता तुमचे रात्रीचे साडेनऊ, २ नोव्हेंबरला इथली घड्याळं मागे गेली की साडेदहा. जेवणं आटपून बघता येईल.

आता कडू भाग. हे वर्ष वाईट आहे. यूएसएडचे (अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतसंस्थेचे) पैसे बंद झाल्यावर मार्चमध्ये या एका विद्यापीठाची ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली, दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या. त्यातल्या १,९७५ अमेरिकेबाहेरच्या ४४ देशांतल्या आणि इथल्या २४७. हे आकडे पुन्हा वाचा. शिक्षकांच्या तोंडावर दिसतं. तेव्हा 'ग्लोबल हेल्थमध्ये संधी' असं लिहिताना माझाच हात अडखळतोय. तुम्ही काय म्हणता, यायचं का लोकांनी? कर्ज काढून?

---

अण्णा_बार्शीकर | २० ऑक्टोबर, सकाळी ७:१२

अभ्यंगस्नान करून पहिलं हेच वाचलं. जॅमखेड!! आमच्याकडे कुणी असं म्हणलं तर एसटीतून उतरवतील.

ताई, बार्शीहून जामखेड लांब नाही, मी लहानपणापासून जातोय. माझे वडील बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगायचे, आरोळे डॉक्टरांनी बोअर घेताना ते दलित वस्तीत घेतले, मग पाण्याला सगळ्या गावाला तिकडेच जावं लागायचं. दवाखान्याचं काम आणि हे काम त्यांना वेगळं वाटत नव्हतं. आणि आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या कोण, तर शाळेचं तोंड न बघितलेल्या, बऱ्याच जणी दलित, काही टाकलेल्या. त्या भागात १९७१ ला हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. वीसेक वर्षांत तो आकडा पंचविशीच्या खाली आला. १९७९ ला मॅगसेसे मिळालं.

पण ताई तुम्ही बार्शी विसरलात. आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही आहे, देशातली पहिली ग्रामीण. आणि आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी मोठी ट्रायल झाली ती टाटा मेमोरियल, आमचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांची. १ लाख ३१ हजारांवर बायका. परंड्याची आमची आत्या त्यात होती. ती अजून सांगते, गाडी आली, नर्सबाईंनी आधी घरी बसून चहा घेतला, मग समजावलं, मग सगळ्या जावा-जावा मिळून गेल्या. एकटी कोणी गेली नसती.

---

सडेतोड | २० ऑक्टोबर, सकाळी ९:०५

अण्णा, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. त्या ट्रायलमध्ये चार गट होते. एका गटाला एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) टेस्ट, एकाला पॅप स्मिअर (पेशी काढून तपासणं), एकाला नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला काहीच तपासणी नाही, फक्त 'नेहमीची सेवा', म्हणजे माहिती द्यायची आणि सोडून द्यायचं. आणि नेहमीची सेवा म्हणजे आपल्या खेड्यात काय असते ते मेडिकल ऑफिसर ताईंना विचारा. २००९ ला निकाल छापून आला, एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. शास्त्र म्हणून छान. पण त्या ६४ जणींचं काय? त्यावर पुढे बराच वाद झाला, तक्रारी झाल्या. असली ट्रायल फ्रान्समधल्या बायकांवर करता आली असती का?

ग्लोबल हेल्थ म्हणजे मुळात गोऱ्या साहेबाला उष्ण कटिबंधात ताप येऊ नये म्हणून काढलेलं शास्त्र. लंडनचं ट्रॉपिकल मेडिसिनचं स्कूल १८९९ ला कशासाठी निघालं ते वाचा. आता नाव बदललंय, बाकी प्रश्न तिकडून येतो, नमुने इकडून जातात.

---

डॉ_खडूस | २० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

सडेतोड, तुमचा चौथ्या गटाचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो पीएसएमच्या (मेडिकलमधल्या सामाजिक आरोग्य विषयाच्या) विद्यार्थ्यांना अनेक वर्षं शिकवला, अजून उत्तर सापडलेलं नाही. तपासणीची सोय जिल्ह्यात नव्हतीच म्हणून ट्रायल योग्य, असं म्हणणारे म्हणतात. सोय नव्हती हाच गुन्हा, असं मी म्हणतो. पण त्या निकालामुळेच एचपीव्ही टेस्टला जगभर वजन आलं हेही खरं, त्याला नाही म्हणता येत नाही.

मात्र 'प्रश्न तिकडून येतो' हे सरसकट नको. मी उदाहरण देतो. १९७१, बांगलादेशचे निर्वासित, बनगावची छावणी, कॉलरा. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधन केंद्रात काम करत होते. सलाइन संपत आलेलं, जमिनीवर पेशंट, उलटी-जुलाबात गुडघे टेकून सलाइन लावायचं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिशव्यांत भरला, लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, पिंपात कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात पेला दिला की पाजत राहा. जिथे तीसेक टक्के मरत होते तिथे हे पाजलेल्यांत चारेक टक्क्यांवर आलं. तो पेपर नामांकित जर्नलांनी नव्हे, हॉपकिन्सच्या स्वतःच्या मेडिकल जर्नलने १९७३ ला छापला. सरकारने पद्मविभूषण दिलं २०२३ ला, ते गेल्यावर. आपल्याकडे हे असंच.

पैसा तिकडचा होता, केंद्र तिकडचं होतं, पण प्रश्न कलकत्त्याचा आणि पेला आईच्या हातातला. एवढंच बघायचं असतं, प्रश्न कोणाचा.

कर्ज काढून जावं का? प्रश्न हातात असेल तर जा. 'ग्लोबल हेल्थमध्ये करिअर' करायला जात असाल तर घरी बसून आधी एक वर्ष कुठल्या तरी पीएचसीत कुत्रं चावलेल्यांची नोंदवही लिहा.

---

निळी_छत्री | २० ऑक्टोबर, दुपारी १:४८

डॉक्टरसाहेब मी खरंच कुत्रं चावलेल्यांचं रजिस्टर लिहिलंय 😄 नाशिक जिल्ह्यात, बीएएमएस आहे, कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून चार वर्षं. गवतीचहा ताई मला यायचंय पण तीन प्रश्न, एक आयुर्वेदवाल्यांना घेतात का, दोन फी बघून बाबा दोन दिवस बोललेच नाहीत त्यावर काय उपाय, आणि तीन, एसओपी (अर्जासोबतचं आपल्याबद्दलचं निवेदन) लिहून देणाऱ्या एका कन्सल्टंटला मी अठरा हजार दिले आणि त्याने जो मजकूर पाठवला त्यात मी लहानपणी आजीला मलेरियाने जाताना पाहिलं असं लिहिलंय. आजी शेजारच्या खोलीत टीव्ही बघतेय. पैसे परत मागावेत का?

---

गवतीचहा | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

आजीला माझा नमस्कार सांग 🙏 हसून हसून पुरेवाट झाली.

पैसे माग, मिळणार नाहीत, पण माग. आणि तो कागद फाडून टाक. माझ्या एसओपीत मी एकच गोष्ट लिहिली होती. आमच्या पीएचसीत एकदा बाळाचं वजन दर महिन्याला अगदी बरोबर दोनशे ग्रॅमने वाढत होतं, कागदावर. तीन उपकेंद्रांतली सगळी बाळं तशीच. मी खूश होते, मीटिंगमध्ये सांगून टाळ्याही घेतल्या. मग एक दिवस उपकेंद्रात गेले तर वजनकाटा चार महिने बंद. नर्सबाई रडायला लागल्या, त्या म्हणाल्या मॅडम रिकामी जागा ठेवली की वरून फोन येतो. चूक माझी होती, मी आकडा बघितला आणि काटा बघितला नाही. एवढंच लिहिलं आणि मला यातून काय शिकायचंय ते लिहिलं. तुझ्याकडे चार वर्षांच्या असल्या पन्नास गोष्टी असतील.

आयुर्वेदवाल्यांना घेतात. माझ्या ओळखीत आहेत. पदवीचं परदेशी मूल्यमापन करून घ्यावं लागतं, त्यासाठी आपापल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद जातात, त्याला वेळ लागतो, दोन महिने हाताशी धर.

फीचं मी काय सांगू. माझं अर्धं कर्ज, काही इथली स्कॉलरशिप, थोडं जे. एन. टाटा एन्डावमेंटचं लोन स्कॉलरशिप. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बसत असशील तर ती आधी बघ. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपमध्ये पब्लिक हेल्थ विषय आहे पण तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावंच लागतं. तुला चालेल ना ते?

---

टेम्सकाठी | २० ऑक्टोबर, रात्री १०:५५

लंडनहून. सडेतोडांनी ज्या स्कूलला शिव्या घातल्या तिथेच मी शिकले 😊 त्यांचं म्हणणं आमच्याही वर्गात व्हायचं, तिथले प्राध्यापकच करायचे. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या बाजूला डास, उवा, पिसवा सोनेरी रंगात लावलेत. पाहुण्यांना मी आधी तेच दाखवते.

निळी छत्री, ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघ, एका वर्षाचा मास्टर्स पूर्ण फुकट, दोन वर्षांचा अनुभव हवा आणि नंतर दोन वर्षं मायदेशी. अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असतात, म्हणजे आता पुढच्या खेपेला. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीही आहे. अमेरिकेत सध्या व्हिसाचं जे चाललंय, सप्टेंबरात नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलर फी लावली, ते बघता तिकडे नोकरी करून कर्ज फेडीन हा हिशोब कागदावरच बरा दिसतो.

आणि बाई, आधी देवनारचं टाटा इन्स्टिट्यूट आणि पुणे विद्यापीठाचं एमपीएच बघितलंस का? त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर? तुझ्या चार वर्षांच्या नोकरीच्या शेजारी त्यातलं काहीही चांगलं दिसेल, आणि फी ऐकून बाबा बोलायला लागतील.

---

डेटावाली_बाई | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

लक्ष्मीपूजनाची तयारी सोडून लिहितेय, घरचे ओरडतायत, तरी लिहिते.

मी पुण्यात बारा वर्षं रिसर्च प्रोजेक्टांवर डेटा मॅनेजर. वर जी चर्चा चाललीय त्यात आमची जमात कुठेच नाही म्हणून. डॉक्टर जातात, एमपीएच करतात, पेपर लिहितात. पण मधे आम्ही असतो. काउन्सेलर, फील्डवर्कर, लॅब टेक्निशियन, ड्रायव्हर. ससूनला बीजे मेडिकल आणि हॉपकिन्सचं जे काम चालतं ते पुण्यात सगळ्यांना माहीत असायला हवं पण नाही. आईकडून बाळाला दुधातून एचआयव्ही जाऊ नये म्हणून बाळाला जन्मानंतर एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन द्यायचं, हा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाला. २००८ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, सहा आठवड्यांपर्यंतचा संसर्ग जवळपास निम्मा झाला. त्यानंतर टीबीचं काम, पुणे आणि चेन्नई मिळून.

आता लोकांना वाटतं परदेशी प्रोजेक्ट म्हणजे मनमानी. तसं नाही. आपली एथिक्स कमिटी, त्यांची एथिक्स कमिटी, वर आयसीएमआरमधून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतून) चालणारी आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी, तिच्या परवानगीशिवाय परदेशी पैशाचं संशोधन सुरू होत नाही. संमतीपत्र मराठीत, मग दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं, अर्थ बदलला की परत पहिल्यापासून. 'रँडमायझेशन'ला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही आठवडा भांडलो होतो. शेवटी 'चिठ्ठी टाकल्यासारखं' लिहिलं. बायकांना भिशीमुळे लगेच समजलं!

पण सडेतोड म्हणतात त्यातलं एक मी अनुभवलंय. कुठल्या प्रोजेक्टवर ते सांगत नाही. तीन वर्षं उणे ऐंशीच्या फ्रीझरला जपलं, लाइट गेली की रात्री दोनला जनरेटरचं डिझेल बघायला स्कूटरवर जायचे, वीस हजारांच्या वर नमुने, एक वितळला नाही. पेपर आला, लेखक सतरा, आमच्यातलं एकही नाव नाही. शेवटी आभारात 'फील्ड स्टाफ'. मी त्या दोन शब्दांची प्रिंट काढून फ्रीझरवर चिकटवली होती. नंतरच्या बॉसने मात्र न सांगता नाव घातलं, तेही लिहायला हवं.

आणि आता मे महिन्यात एनआयएचने (अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने) परदेशी संस्थांना उपकराराने जाणारे पैसे थांबवले, नवी पद्धत येईपर्यंत. आमच्याकडे सहा जणांची मुदत वाढवलेली नाही. त्यातल्या एकीला मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायचीय. ताई, ते १,९७५ म्हणताय ना, ते असे दिसतात.

---

अण्णा_बार्शीकर | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

बाई, फ्रीझरवर चिकटवलेली प्रिंट वाचून गलबललो. फराळाचं ताट बाजूला ठेवलं.

---

सडेतोड | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

मी काय वेगळं म्हणत होतो? फक्त एक भर. हे पैसे बंद झाले म्हणून गळे काढण्याआधी विचार करा की पुण्यातल्या टीबीच्या संशोधनाला अमेरिकेतल्या मेरीलँडचे पैसे लागतातच का. टीबी आपला, पेशंट आपले, ससून आपलं. परळच्या हाफकिनला बघा, १८९७ ला प्लेगची लस मुंबईत बनली आणि ती बनवणाऱ्या हाफकिनने स्वतःवर टोचून बघितली. म्हणजे इथे होऊ शकतं.

---

डॉ_खडूस | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:५२

हाफकिन ओडेसाचा होता हो, पॅरिसहून आलेला. तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं 🙂 पण पैशाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के.

---

संपादक | २१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

चर्चा चांगली चालू आहे. 'परदेशी जावं की नाही' यावर चार वेगळे धागे आधीच आहेत, कृपया आनंदीबाई जोशींना कोणी आणण्याआधी विषयावर या. दिवाळीच्या शुभेच्छा.

---

आरमोरीची_पोर | २१ ऑक्टोबर, रात्री ११:०८

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी गडचिरोली जिल्ह्यातली. माझी आई बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेची आरोग्यदूत होती. सातवी शिकलेली. इथे सगळे लॅन्सेट लॅन्सेट म्हणताय ना, तर नवजात बाळांच्या घरच्या काळजीवरच्या १९९९ च्या त्या पेपरमध्ये जी ३९ गावं आहेत त्यातलं एक माझं गाव. दुसऱ्या ४७ गावांत ते काम नव्हतं, तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी आमच्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुस्तकात दिसलं, मी घरी फोन करून आईला सांगितलं, ती म्हणाली मंग, मोजलेच होते ना आम्ही.

आईकडे एक लाकडी पाटी होती, मणी ओवलेली, आणि वाळूचं घड्याळ, एका मिनिटाचं. बाळाचे श्वास मोजायचे, दर दहा श्वासाला एक मणी सरकवायचा. वरच्या तारेत पाच हिरवे एक लाल, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला. खालच्या तारेत चार हिरवे एक लाल, त्याहून मोठ्या बाळांना. वाळू संपायच्या आधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या बाईलाही जमायचं. मी लहान असताना ती पाटी खेळायला घ्यायची आणि मार खायची. रात्री कोणी बोलवायला आलं की आई टॉर्च, ती पाटी, वजनाची झोळी, आणि बाळाला गुंडाळायची दुलई घेऊन निघायची. बाबा मागे काठी घेऊन.

आता २०११ पासून देशभरच्या आशाताई हेच घरी जाऊन बाळ बघायचं काम करतात, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरलेले. माझी वहिनी आशा आहे. २५० मध्ये सहा चकरा, पावसाळ्यात नाला ओलांडून. हे पण लिहा कोणी पेपरमध्ये.

मी बी.एस्सी. नर्सिंग केलंय, तीन वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात. माझा प्रश्न साधा, नर्सला तिथे घेतात का. आणि इंग्रजी माझं असंच आहे.

---

गवतीचहा | २२ ऑक्टोबर, पहाटे ५:३५

मी तुझी पोस्ट इथे संध्याकाळी वाचली आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

घेतात. माझ्या वर्गात नर्सेस आहेत. इंग्रजीचं म्हणशील तर परीक्षा द्यावी लागते, ती सरावाने होते. इथे एक मोझांबिकची बाई आहे, तीन महिन्यांपूर्वी अडखळत बोलायची, आता प्राध्यापकांशी भांडते. माझं ऐकशील तर आधी कुठेही अर्ज करायच्या आत रात्रीची दोन-चार ऑनलाइन सेमिनारं ऐक, आणि हॉपकिन्सचे बरेच कोर्स कोर्सेरावर आहेत, एपिडेमिऑलॉजीचा (रोग कोणाला, कुठे, का होतात त्या शास्त्राचा) एखादा करून बघ, आवडतंय का ते कळेल. एसओपी मी वाचून देईन, फुकट. निळी छत्री, तुझंही. अठरा हजार वाचव.

कर्ज काढून यावं का या माझ्याच प्रश्नावर, खरं सांगायचं तर मी आता डॉक्टर खडूस म्हणतात तिकडे झुकलेय. तू येशील तर तुझ्याकडे प्रश्न आहे, वहिनीच्या २५० रुपयांचा. तो घेऊन कुठेही जा, देवनारला जा नाहीतर लंडनला, बाल्टिमोरच हवं असं काही नाही.

डेटावाली बाई, तुम्हाला वेगळा व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्या सहा जणांपैकी कोणाला डेटाचं ऑनलाइन काम चालणार असेल तर इथे दोघांना माणसं हवीयत. फार नाही, काही महिन्यांचं आहे.

आणि आरमोरीच्या पोरी, ती पाटी आहे का अजून घरी? पुढच्या टर्मला मला नवजात बाळांच्या विषयावर दहा मिनिटं बोलायचंय. मला स्लाइड नको, ती पाटी दाखवायचीय.

---

आरमोरीची_पोर | २२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

आहे. आईने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलीय. वाळूचं घड्याळ फुटलं कधीच, आणि खालच्या तारेतला एक हिरवा मणी मी लहानपणी हरवला, त्याजागी आईने बांगडीचा मणी घातलाय. आई विचारतेय त्या लोकांना श्वास कसे मोजायचे ते येतं का.

फोटो टाकायला बघतेय पण अपलोड होत नाहीये, साइझ मोठी आहे म्हणतंय. संपादक, काय करायचं?